वेधशाळेचं दार कुठून उघडतं: पुण्यातल्या हवामान आणि समुद्रविज्ञान संस्थांत इंटर्नशिप व नोकरी

पुण्यात 'वेधशाळा' हा शब्द एकच, पण पत्ते निरनिराळे. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातली घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत म्हणजे भारतीय हवामान विभाग, आयएमडी. पाषाण रस्त्यावर एनसीएल या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या पुढे आहे ती भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, आयआयटीएम. दोन्ही केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येतात, आणि बाहेरच्याला दोन्हीकडे 'हवामानाचंच काहीतरी' चालतं असं वाटतं. इंटर्नशिपचे निम्मे घोळ इथेच सुरू होतात. अंदाज कसा देतात ते पाहायचं असतं आणि अर्ज जातो आयआयटीएमला. मॉडेल, म्हणजे हवामानाची गणितं सोडवणारा संगणकी प्रोग्रॅम, चालवायला शिकायचं असतं आणि पत्र पडतं सिमला ऑफिसच्या आवक विभागात. तेव्हा अर्जाला हात घालण्याआधी कुठे काय चालतं ते पाहू.

कुठल्या आवारात काय

आयएमडीची स्थापना १८७५ ची. मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते 'सिमला ऑफिस'. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. आजही पुण्यात हवामान संशोधन आणि सेवा विभाग आहे, देशभरच्या नोंदी सांभाळणारं राष्ट्रीय डेटा केंद्र आहे, शेतीसाठी सल्ला देणारा कृषी हवामान विभाग आहे आणि पर्जन्यमापक, तापमापक यांसारखी उपकरणं पाहणारा भूपृष्ठ उपकरण विभाग आहे. हवामान प्रशिक्षण संस्था पाषाणला. इथल्या कामाला ठोका घड्याळाचा असतो: साडेआठची नोंद साडेआठलाच व्हायची, बुलेटिन ठरल्या वेळी निघायचं. शिकाऊ मुलगा दोन महिन्यांत इथे संशोधन 'पूर्ण' करेल अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. नोंद, तपासणी, नकाशा, इशारा ही साखळी जवळून दिसते, आणि ती दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आयआयटीएम १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९७१ मध्ये स्वायत्त झाली. काम संशोधनाचं: मान्सूनची मॉडेलं, ढगांचं भौतिकशास्त्र, हवेतले धूलिकण, हवामानबदल. महाबळेश्वरला त्यांची ढगांचा अभ्यास करणारी उंचावरची प्रयोगशाळा आहे. 'अर्का' हा ११.७७ पेटाफ्लॉप (गणनेच्या वेगाचं माप) क्षमतेचा सुपरकॉम्प्युटर २०२४ पासून इथेच आहे, आणि ६ किलोमीटर बारकाव्याची भारत फोरकास्ट सिस्टिमही इथेच तयार झाली. प्रोग्रॅमिंगची आवड असलेल्यांनी आधी हे दार ठोठवावं.

'पण समुद्र?' पुण्याला समुद्र नाही हे खरं, तरी समुद्राचं काम आहे. मान्सूनची दीर्घ पल्ल्याची आजची मॉडेलं समुद्राला जोडलेली असतात, त्यामुळे हिंद महासागराचं तापमान, क्षारता, प्रवाह यांवर पाषाणला रोज काम होतं. दुसरं ठिकाण खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, १९१६ चं. ते जलशक्ती मंत्रालयाखाली येतं. बंदरं आणि किनारे यांच्या लहान प्रतिकृती बांधून, त्यांवर लाटा सोडून तिथे अभ्यास करतात. सिव्हिलच्या मुलांना हे ठिकाण बहुधा ठाऊक असतं, भौतिकशास्त्राच्या मुलांना नसतं. प्रत्यक्ष जहाज, पाण्यावर तरंगत मोजमाप करणारे बॉय, त्सुनामीचा इशारा हे हवं असेल तर पुणे सोडावं लागेल: हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती आणि इशारे), चेन्नईची एनआयओटी (समुद्री तंत्रज्ञान), गोव्यात वास्कोचं एनसीपीओआर (ध्रुवीय आणि महासागर संशोधन). गोव्यातच दोनापावलाला एनआयओ ही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पण ती सीएसआयआर या संशोधन परिषदेची, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची नाही. अर्जात मंत्रालय चुकलं की वाचणारा पहिल्या ओळीतच ओळखतो.

आधी डेटा, मग पत्र

शास्त्रज्ञांच्या इनबॉक्समध्ये 'मला हवामानात रस आहे, मी मेहनती आहे' अशी पत्रं पडून असतात. उत्तर त्यांना मिळतं ज्यांनी काहीतरी करून पाहिलेलं असतं. म्हणून पत्राआधी तीन-चार आठवडे काढून पुढचा सराव घरी करावा. लॅपटॉप आणि इंटरनेट पुरे, पैसे लागत नाहीत.

आयएमडी पुण्याच्या संकेतस्थळावर भारताचा ०.२५ अंशांच्या ग्रिडचा (नकाशावरच्या चौकोनी जाळीचा) रोजचा पाऊस १९०१ पासून मोफत मिळतो. दर वर्षाची एक फाईल. नेटसीडीएफ या स्वतःची माहिती सोबत बाळगणाऱ्या प्रकारातही ती आहे, पण मुद्दाम 'जीआरडी' ही बायनरी (मजकूर म्हणून न वाचता येणारी) फाईल घ्या. संस्थांमधले बरेच जुने प्रोग्रॅम याच जातीच्या फाईली वाचतात, आणि बायनरी फाईल स्वतः वाचता आली की डेटा म्हणजे काय ते बोटांना कळतं.

फाईलला शीर्षक नाही, आत नुसते आकडे. प्रत्येक आकडा ४ बाइटचा. पूर्व-पश्चिम १३५ बिंदू, ६६.५ ते १०० अंश रेखांश. दक्षिण-उत्तर १२९ बिंदू, ६.५ ते ३८.५ अंश अक्षांश. एका दिवसाचे १३५ गुणिले १२९ गुणिले ४ म्हणजे ६९,६६० बाइट. साध्या वर्षाची फाईल २,५४,२५,९०० बाइटची, लीप वर्षाची २,५४,९५,५६० ची. उतरवल्यावर पहिल्यांदा आकार पाहा. कमी भरला तर डाउनलोड मध्येच तुटलं आहे, आणि अशी फाईल वाचताना प्रोग्रॅम कधी कधी काहीही तक्रार न करता अर्ध्या वर्षाचा पाऊस देतो.

आता पुणे शोधू. शिवाजीनगर साधारण १८.५३ उत्तर, ७३.८५ पूर्व. ग्रिडवर अक्षांश १८.५ चा बिंदू घ्यायचा. रेखांशाला ७३.७५ आणि ७४.० असे दोन शेजारी आहेत, जवळचा ७३.७५. शून्यापासून मोजणाऱ्या पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्याचा क्रमांक अक्षांशाला ४८, रेखांशाला २९. एकपासून मोजणाऱ्या फोरट्रान या जुन्या भाषेत ४९ आणि ३०. हा एकाचा फरक पुण्यात महागात पडतो. एक चौकोन साधारण २६-२८ किलोमीटरचा. पश्चिमेला एक घर सरकलात की ७३.५ वर पोचता, म्हणजे मुळशीकडे, घाटमाथ्याजवळ. आकडा एकदम फुगतो आणि मुलं 'पुण्यात पाऊस वाढतोय' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्याने तरी ही चूक करू नये.

पुढची अडचण -९९९ ची. जिथे नोंद नाही, समुद्र आहे किंवा देशाबाहेरचा भाग आहे, तिथे पावसाच्या फाईलीत -९९९ लिहिलेलं असतं. सरासरी काढण्याआधी ते वगळलं नाही तर महाराष्ट्राचा सरासरी पाऊस उणे येतो. उणे आला तर निदान चूक दिसते. तापमानाच्या १ अंशी ग्रिडमध्ये रिकाम्या जागी ९९.९ असतं, आणि ते सरासरीत मिसळलं की मेचं तापमान 'जरा जास्त' दिसतं. ही चूक डोळ्यांतून निसटते. नकाशा उलटा आला, काश्मीर खाली आणि केरळ वर, तर घाबरू नका. फाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे लिहिलेली असते आणि चित्र काढणारी आज्ञा वरून खाली काढते, इतकंच.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते तारखेवर. आयएमडीचा दिवस रात्री बाराला संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो. ११ जुलैच्या नावावरचा पाऊस म्हणजे १० जुलैच्या सकाळी साडेआठपासून ११ च्या साडेआठपर्यंतचा. १० तारखेला संध्याकाळी पाचला सिंहगड रस्ता तुंबला तरी आकडा ११ तारखेखाली सापडतो. याची तुलना युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए५ शी (नोंदी आणि मॉडेल जोडून केलेला जगभरचा डेटा) करायची झाली तर तिथला तासाचा पाऊस ग्रीनिच वेळेनुसार आणि मीटरमध्ये मिळतो. साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे ३. ईआरए५ मध्ये प्रत्येक आकडा त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा असतो. म्हणून ११ जुलैसाठी १० तारखेच्या ४ वाजल्यापासून ११ तारखेच्या ३ वाजेपर्यंतचे २४ आकडे जोडायचे आणि १,००० ने गुणून मिलिमीटर करायचे. ग्रीनिचचा मध्यरात्र ते मध्यरात्र दिवस धरलात तर दोन मालिका एकमेकींशी जुळत नाहीत आणि दोष बिचाऱ्या मॉडेलवर जातो.

एवढं जमलं की काम छोटंच ठेवा. १९९१ ते २०२० ही ३० वर्षं, जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, पुण्याचा चौकोन आणि मुळशीकडचा चौकोन. दोन्हींसाठी हंगामाचा एकूण पाऊस, पावसाळी दिवस (आयएमडीच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त) आणि मुसळधार दिवस (६४.५ मिलिमीटर किंवा जास्त) मोजा. ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, या हद्दी पाठच असाव्यात. शेवटी एकाच वर्षासाठी ईआरए५ शी तुलना. दोन आलेख, एक तक्ता, दोन पानं मजकूर. कोड गिटहब या संकेतस्थळावर. ही दोन पानं बायोडेटापेक्षा जड भरतात.

समुद्राकडे जाणाऱ्यांसाठी याच धर्तीचा सराव आर्गो फ्लोटचा. हे यंत्र साधारण १,००० मीटर खोलीवर तरंगत राहतं, दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतं आणि उपग्रहाला कळवतं. अरबी समुद्रातला एखादा फ्लोट घ्या, मे ते ऑक्टोबरमधली वरच्या १०० मीटरची तापमानं काढा. प्रत्येक आकड्याशेजारी दर्जाची खूण असते. १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. खुणा न पाहता आलेख काढलात तर समुद्रात अशक्य असे काटे दिसतात. खोलीच्या जागी दाब डेसिबारमध्ये असतो. वरच्या थरांत १ डेसिबार म्हणजे जवळपास १ मीटर धरलं तरी चालतं. तात्काळ आलेली फाईल आणि नंतर तपासून दुरुस्त केलेली फाईल वेगळी असते, कोणती वापरली ते लिहा.

हत्यारांचं म्हणाल तर पायथॉन आणि त्यातलं एक्सअरे (ग्रिडचा डेटा हाताळणारं पॅकेज) शिका. ग्रिड कापणं-जोडणं यासाठी सीडीओ हे टर्मिनलवरचं साधन. ग्रॅड्स हे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर जुनं वाटेल, पण वेधशाळेत अजून चालतं, आणि वरच्या पावसाच्या फाईलसाठी त्याची नियंत्रण फाईल (ग्रिड, तारखा वगैरे सांगणारी) दहा ओळींत होते. लिनक्स टर्मिनलची भीती मोडा. फोरट्रान लिहिता नाही आलं तरी वाचता यायला हवं, कारण मॉडेलं त्यातच आहेत.

पत्र कुणाला, कधी, कसं

'संचालक' या नावाने पत्र पाठवू नका. ज्यांचं काम तुमच्या सरावाशी जुळतं अशा एकाच शास्त्रज्ञाला लिहा. त्यांचा अलीकडचा एखादा शोधनिबंध वाचा. पूर्ण कळणार नाही, निदान आकृत्या समजून घ्या. एकाच मजल्यावरच्या आठ जणांना तेच पत्र गेलं तर चहाच्या वेळी ते उघड होतं, आणि मग आठांपैकी कुणीच उत्तर देत नाही.

पत्र इंग्रजीत, एका स्क्रीनमध्ये मावेल एवढं. विषयाच्या ओळीत काय आणि केव्हा ते आलं पाहिजे: एमएस्सीचा प्रकल्प, जानेवारी ते मे, घाटातला पाऊस. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण, कुठल्या वर्षाला. नंतर केलेला सराव, दुवा देऊन. मग त्यांच्या निबंधातला एक ठोस प्रश्न. शेवटी तारखा, महाविद्यालयाची अट (क्रेडिटसाठी किती आठवडे लागतात) आणि येणारी साधनं. खोटं काही लिहू नका. 'मशीन लर्निंग येतं' असं लिहिलेल्याला पहिल्याच दिवशी विचारतात की प्रशिक्षणाची आणि चाचणीची वर्षं वेगळी ठेवली होतीस का.

उत्तर न आल्यास दहा-बारा दिवसांनी एक आठवण. तीही वाया गेली तर दुसरे शास्त्रज्ञ. आपल्याकडे 'सर आहेत का' म्हणत थेट गेटवर जायची पद्धत आहे. ती इथे चालत नाही, पास आतल्या माणसाच्या नावावर निघतो.

जानेवारी-मेच्या प्रकल्पासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहा, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी डिसेंबर-जानेवारीत. अंदाज देणाऱ्या विभागांना जून ते सप्टेंबर फुरसत नसते. याच काळात तिथे पाहण्यासारखं सर्वांत जास्त असतं हेही खरं, पण शिकवायला कुणी रिकामं सापडेल अशी आशा धरू नका. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटाकडेच भरावे लागतात. थोडं विद्यावेतन मिळवून अशा संस्थेत यायचा तो सरळ मार्ग. बाकी इंटर्नशिपमध्ये पैसे मिळतील असं पत्रात लिहिलेलं नसेल तर मिळणार नाहीत असंच धरून घरचा हिशेब करा.

होकार आल्यावर कागद सुरू. विभागप्रमुखांच्या सहीचं शिफारसपत्र, बोनाफाईड, ओळखपत्राची प्रत, गुणपत्रकं, फोटो आणि महाविद्यालयाचं ना-हरकत. शिफारसपत्रावर तारखा नसतील किंवा पत्र 'ज्यांच्याशी संबंध असेल त्यांना' अशा मायन्याचं असेल तर परत येतं. त्यात गाईडचं नाव, संस्थेचं पूर्ण नाव आणि सुरू-शेवटच्या तारखा हव्यात. फाईल प्रशासनातून फिरते, त्याला आठवडे लागू शकतात. गाईडने ईमेलवर 'ये' म्हणणं म्हणजे मंजुरी नव्हे. पत्र हातात येईपर्यंत खोलीचं डिपॉझिट भरू नका.

खोलीसाठी आयआयटीएमवाल्यांनी पाषाण, सूस रस्ता, पंचवटी पाहावं. सिमला ऑफिसला शिवाजीनगरचं रेल्वे स्टेशन आणि मेट्रो दोन्ही पायी अंतरावर, त्यामुळे पिंपरी-चिंचवडहून रोज येणं जमतं. विद्यापीठ चौकातून सकाळी पाषाणकडे निघणार असाल तर वेळेचा हिशेब ढिला ठेवा.

आत गेल्यावर

पहिला आठवडा वाचनात आणि खाती उघडण्यात जातो. सुपरकॉम्प्युटरवर खातं हवं असेल तर अर्जावर गाईडची सही लागते आणि कुणासाठी, कुठल्या कामासाठी ते सांगावं लागतं. सगळ्या इंटर्नना ते मिळतंच असं नाही. दोन महिन्यांच्या बहुतेक कामांना विभागाचा साधा सर्व्हर पुरतो.

खातं मिळालं तर एक नियम जन्मभर लक्षात ठेवा: लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या सामायिक संगणकावर, मोठं काम चालवायचं नाही. तिथे शंभर लोक एकाच वेळी फाईली उघडत असतात. तुम्ही ३० वर्षांचा डेटा तिथेच जोडायला घेतलात की सगळ्यांचं टर्मिनल अडखळतं, आणि नाव शोधायला ॲडमिनला मिनिटही लागत नाही. काम रांगेतून पाठवायचं: किती प्रोसेसर, किती वेळ, किती मेमरी, हे लिहून. वेळ कमी मागितला तर काम शेवटाला येऊन मारलं जातं, उगाच जास्त मागितला तर रांगेत लटकतं. आधी एका महिन्याच्या डेटावर चालवून वेळ मोजा, मग गुणाकार करा. तात्पुरत्या डिस्कवरच्या फाईली ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. कोड तिथे ठेवणाऱ्याला रडायला जागा राहत नाही.

रोजची वही ठेवा, कागदाची किंवा टेक्स्ट फाईल. तारीख, कुठला डेटा, कुठली आवृत्ती, काय केलं, काय आलं. तीन आठवड्यांनी गाईड विचारतात, 'हा आलेख कुठल्या फाईलीचा?' आणि फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२', 'खरंफायनल' अशी तीन चित्रं सापडतात.

वेधशाळेत असाल तर साडेआठच्या नोंदीला हजर राहायची परवानगी मागा. पांढऱ्या झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीचं दार उत्तरेला उघडतं, कारण वाचताना तापमापकावर ऊन पडता कामा नये. आत चार तापमापक: कोरडा, ओला, कमाल, किमान. ओल्या तापमापकाची मलमल मळली किंवा सुकली की बाष्पीभवन नीट होत नाही, आकडा वर राहतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसते. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. १०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला १० मिलिलिटर. प्रत्येकाचा मोजपेला वेगळा. मोठ्या मापकाचं पाणी लहान मापकाच्या पेल्यात ओतलं तर पाऊस थेट दुप्पट नोंदला जातो. हे एकदा पाहिलं की डेटामधला एखादा विचित्र दिवस दिसल्यावर तुम्ही हवामानबदलाआधी पेल्याचा विचार करता, आणि तसाच करायला हवा.

भाषेचं एक. या संस्थांत मल्याळी, ओडिया, बंगाली, तेलुगू माणसं भरपूर. काम इंग्रजीत, जेवण हिंदीत. चर्चासत्रात गप्प बसू नका, इंग्रजी मोडकं असलं तरी प्रश्न विचारा. आणि आतला अंदाज, नकाशा, अजून प्रसिद्ध न झालेला निकाल व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. 'वेधशाळेत आहेस ना, मग लग्नाच्या दिवशी पाऊस आहे का सांग' असं मावशी विचारणारच. तिला अधिकृत संकेतस्थळाचा दुवा पाठवावा.

इंटर्नशिपनंतर: नोकरीचे रस्ते

संशोधनाकडे जायचं तर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप. त्यासाठी नेट किंवा गेट परीक्षा पास असणं जवळजवळ अटळ. नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. भौतिकशास्त्र, गणितवालेही आपापल्या विषयातून येतात. गेटच्या अभियांत्रिकी विज्ञान पेपरमध्ये वातावरण आणि महासागर विज्ञानाचा विभाग आहे. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. आयआयटीएम मंत्रालयाच्या संस्थांसाठी एकत्र फेलो निवडते, तेव्हा पाषाणची जाहिरात म्हणून पुणेच मिळेल असं समजू नका. एमएस्सीसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, आणि त्यातल्या मुलांना ही दोन्ही आवारं सायकलच्या अंतरावर.

आयएमडीत कायम नोकरीचा रुंद दरवाजा म्हणजे वैज्ञानिक सहायक, स्टाफ सिलेक्शन कमिशनकडून. २०२२ ला ९९० जागांची जाहिरात होती. त्याआधीची मोठी भरती २०१७ ची, म्हणजे दरवर्षी ती निघेल या भरवशावर बसू नये. तेव्हाच्या अटी: भौतिकशास्त्रासह बीएस्सी, किंवा संगणकशास्त्र/आयटीची पदवी, किंवा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा डिप्लोमा, प्रथम वर्ग (६० टक्के), बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वय ३० पर्यंत. परीक्षा २ तासांची, २०० प्रश्न, २०० गुण. अर्धा भाग बुद्धिमत्ता, अंकगणित, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि अर्धा तुमचा विषय. चुकीला ०.२५ वजा. पगार लेव्हल ६, मूळ ३५,४०० पासून. बीएस्सीचं भौतिकशास्त्र नीट केलेला मुलगा विषयात तरतो आणि अंकगणिताच्या वेगावर मार खातो. सराव तिथे हवा.

निवड झाली की पुणे मिळेल हा समज सोडा. नेमणूक भारतात कुठेही. डोंगरातलं केंद्र, बेट, विमानतळ. विमानतळावर दर अर्ध्या तासाला हवेचा अहवाल द्यावा लागतो, रात्री अडीचलाही. पाळ्या आल्या, दिवाळीतली ड्युटी आली. ज्याला शांत प्रयोगशाळा हवी त्याने हे पत्करू नये. ज्याला आकाश बघत पगार घ्यायचा आहे त्याच्यासाठी यापेक्षा चांगली सरकारी नोकरी शोधावी लागेल.

प्रकल्पावरची पदं तिसरा रस्ता: प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट सायंटिस्ट. मुदत प्रकल्पाइतकीच, वाढली तर वाढली. कायम होण्याचं आश्वासन त्यात नसतं आणि कुणी तोंडी दिलं तरी त्याला किंमत नाही. पण मॉडेल आणि डेटावर दोन-तीन वर्षं काम होतं, नाव निबंधावर लागतं. प्रोजेक्ट सायंटिस्ट १ ला वयाची अट साधारण ३५. जाहिरात वाचताना 'आवश्यक' आणि 'इष्ट' हे दोन रकाने वेगळे वाचा. इष्ट नसलं तरी अर्ज करा, आवश्यक नसेल तर करू नका. या संस्थांच्या नावाने फोनवर 'प्रोसेसिंग फी' मागणारे भेटतात. शुल्क असलंच तर ते अधिकृत पोर्टलवरच भरायचं असतं. वैज्ञानिक सहायकाच्या २०२२ च्या परीक्षेचं शुल्क १०० रुपये होतं, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तेही माफ.

शेवटचा आठवडा

अहवाल शेवटच्या तीन दिवसांवर ठेवला की तो वेळेत होत नाही, कारण गाईडला वाचायला आठवडा लागतो. शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी मसुदा द्या. त्यात जुळलं नाही तेही लिहा: ईआरए५ घाटात कमी पाऊस दाखवतं असं आलं आणि कारण सापडलं नाही, तर तसंच. कोड एका फोल्डरमध्ये, सोबत एक साधी टिपण फाईल: कुठली फाईल आधी चालवायची, डेटा कुठून आला, केव्हा उतरवला. पुढच्या वर्षीचा इंटर्न तुमचाच धागा उचलणार असतो.

शिफारसपत्र निघतानाच मागा. दोन वर्षांनी मागितलं तर गाईडना चेहरा आठवतो, काम आठवत नाही. प्रमाणपत्र प्रशासन देतं, आणि त्याआधी ग्रंथालय, संगणक विभाग, सुरक्षा यांच्या सह्यांचा ना-देय कागद लागतो. शुक्रवारी दुपारी हे काम काढू नका. पास गेटवर जमा करण्याआधी स्वतःच्या फाईली, जेवढ्या नेण्याची परवानगी आहे तेवढ्या, उतरवून घ्या. खातं त्याच संध्याकाळी बंद होऊ शकतं.